खाटेजवळचे शब्द

आमच्या गावांतून ‘सिस्टर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक मठातली सिस्टर, दुसरी इस्पितळातली. आम्ही दुसऱ्या प्रकारच्या. आमच्यातल्या काहीजणी वसईच्या, काही कोकणातल्या, काही थेट केरळमधून आलेल्या. परंतु पांढरा गणवेश अंगावर चढला, की रुग्णाच्या नातेवाइकांच्या तोंडी आम्हां सर्वांचे एकच नाव उरते. ‘सिस्टर, माझा माणूस डोळे उघडेल ना?’ हा प्रश्न आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहोत. त्याचे एकच एक उत्तर आमच्यापाशी कधीच नव्हते, आजही नाही.

अतिदक्षता विभागाचे दार बहुतेक वाचकांनी बाहेरूनच पाहिले असेल. दाराशी चपलांची रांग, भिंतीला टेकून बसलेली माणसे, कोणाच्या हातात जपमाळ, कोणाच्या हातात औषधांची चिठ्ठी. आणि दार किंचित उघडले, की सगळ्यांच्या माना एकदम वर. त्या दाराच्या आत काय चालते, हे सांगण्याचा योग सहसा येत नाही. घरी गेल्यावर बोलायची शक्ती नसते, आणि जे पाहिले ते जेवणाच्या पाटावर सांगण्यासारखे नसते. आज मात्र एक गोष्ट सांगायची आहे. ती आमच्या शौर्याची नाही, चुकीची आहे. आणि तिने आम्हांला जे शिकवले, ते कोणत्याही प्रशिक्षणात आम्ही शिकलो नव्हतो.

तत्पूर्वी आमच्या या कामाचा उगम थोडक्यात सांगितला पाहिजे. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात साथीच्या ऐन भरात दिवसाला पन्नासच्या घरात रुग्ण येत होते. ज्यांच्या श्वसनाचे स्नायू लुळे पडत, त्यांच्यासाठी त्या काळची श्वासयंत्रे होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. सुरुवातीला यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने वेगळाच मार्ग सुचवला. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यात आली, आणि तिला रबरी पिशवी जोडून ती हाताने दाबत प्राणवायू आत सोडण्यात आला. मुलगी वाचली. मग वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून ती पिशवी दाबू लागले. पाळी संपली, की दुसरा हात पुढे येई. एके काळी सत्तर रुग्ण एकाच वेळी अशा रीतीने परक्या हातांच्या बळावर श्वास घेत होते. साथ सरेपर्यंत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी हे काम केले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून त्याचाच उल्लेख केला जातो.

हा इतिहास आम्ही नव्या मुलींना मुद्दाम सांगतो. यंत्रांनी भरलेल्या त्या थंड खोलीत उभे राहिल्यावर वाटते, की येथे यंत्रेच माणसाला जगवतात. वस्तुतः या विभागाचा जन्म उशाशी बसलेल्या माणसाच्या हातातून झाला. त्या विद्यार्थ्यांपुढे ना पडदा होता, ना आकडे. रुग्णाच्या ओठांचा रंग, कपाळावरचा घाम आणि डोळ्यांतली भीती पाहून ते पिशवी हळू दाबायची की जोरात, हे ठरवत. रुग्ण जागा असे, त्यांच्याकडे पाहत असे. ती नजर चुकवून श्वास देणे शक्यच नव्हते.

आता आमचे काम. एका पाळीत एका परिचारिकेकडे, श्वासयंत्रावरचा रुग्ण असेल तर, एकच रुग्ण असावा असे शास्त्र सांगते; प्रत्यक्षात दोन असतात, आणि कधी तीनही. आल्याबरोबर आधीच्या पाळीकडून ‘ओव्हर’ घ्यायची. म्हणजे रुग्णाचा सगळा हिशेब समजून घ्यायचा. रक्तदाब टिकवणारे औषध किती वेगाने चालले आहे, तासाला लघवी किती उतरते आहे, पोटॅशियमचा अहवाल काय आला, श्वासनलिकेतली नळी ओठापाशी किती सेंटिमीटरच्या खुणेवर आहे. ती नळी एक-दोन सेंटिमीटर इकडची तिकडे झाली तरी अनर्थ ओढवू शकतो. मग नळीत साचलेला कफ सक्शनने ओढायचा, तोंड आतून पुसायचे, पापण्या पूर्ण मिटत नसतील तर डोळ्यांना मलम लावून ते झाकायचे. खाटेची उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवायची, म्हणजे पोटातले पाणी फुप्फुसात उतरण्याचा धोका कमी होतो. दर दोन तासांनी कूस बदलायची. माणूस निपचित पडला, की त्याचे स्वतःचेच वजन त्याचा शत्रू होते. माकडहाडाशी, टाचेशी, डोक्याच्या मागे कातडी काळवंडते आणि बघता बघता फुटते. ऐंशी किलोच्या माणसाला कुशीवर वळवताना मामा आणि मावशी मदतीला नसतील, तर आमचीच कंबर मोडते. वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईला मावशी म्हणण्याची आमच्या इस्पितळांतली रीत किती खरी आहे, हे रात्री तीन वाजता कळते.

आणि या सगळ्यावर घंटा. मॉनिटरची वेगळी, श्वासयंत्राची वेगळी, औषधाच्या पंपाची वेगळी. दिवसभरात त्या इतक्या वाजतात की कान बधिर होतात. त्यांतल्या कितीतरी निरर्थक असतात. बोटावरचा चिमटा निसटला तरी घंटा आणि हृदय थांबले तरी घंटा. हात आपोआप पुढे जातो आणि आवाज बंद करतो. हे आम्ही अभिमानाने सांगत नाही. परंतु पुढची गोष्ट समजण्यासाठी हे सांगणे आवश्यक आहे.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई आणि आसपासच्या लोकांना आठवत असेलच. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. गाड्या बंद पडल्या, रस्ते बुडाले आणि लाखो माणसे कंबरभर, छातीभर पाण्यातून चालत घराकडे निघाली. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी आमच्याकडे तापाचे रुग्ण येऊ लागले. उंदरांच्या मुतातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या बारीक जखमेतून शरीरात शिरतात. लेप्टोस्पायरोसिस म्हणतात तो आजार. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, मग कावीळ, मग मूत्रपिंडे काम सोडतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे कधी कधी फुप्फुसांत रक्तस्राव होतो.

तो रुग्ण अडतीस-चाळीस वर्षांचा असेल. आमच्याच तालुक्यातला, अंधेरीला एका कारखान्यात कामाला. पुराच्या रात्री तो रुळांच्या कडेने चालत घरी आला होता; वाटेत कुठेतरी टाचेत काहीतरी रुतले, एवढेच त्याच्या बायकोने सांगितले. विभागात आणला तेव्हा तो पिवळाजर्द होता आणि खोकल्यातून रक्त येत होते. नळी टाकली, श्वासयंत्र लावले, डायलिसिस सुरू केले, पेनिसिलिन चालू होतेच. यंत्राशी झगडू नये म्हणून झोपेचे औषधही चालू होते. दोन दिवस नळीतून लाल फेस येत राहिला. तिसऱ्या रात्री प्राणवायू शंभर टक्के सोडूनही रक्तातले प्रमाण काही केल्या वर येईना.

पहाटे तीनचा सुमार होता. खालच्या कॅज्युअल्टीतून फोन आला, की तशाच आजाराचा आणखी एक रुग्ण आला आहे, विशीतला मुलगा आहे, वर खाट आहे का? खाट नव्हती. आम्ही तिघे त्या रुग्णाच्या खाटेशी उभे होतो. दोघी परिचारिका आणि एक निवासी डॉक्टर. सलग तिसरी रात्र, पाय सुजलेले, डोळे चुरचुरत होते. आमच्यातले एक जण म्हणाले, ‘हा काही सकाळ काढत नाही. त्या मुलाला हीच खाट देऊ.’ दुसरे म्हणाले, ‘बायको तरुण आहे बिचारी.’ तिसऱ्याने चहाचे विचारले.

कोणते वाक्य कोणाच्या तोंडून निघाले, ते आम्हांला आजही नक्की आठवते. परंतु त्याला महत्त्व नाही. जे बोलले नाहीत, त्यांनी अडवलेही नाही. ते बोलणे आम्हां तिघांचे होते.

त्याच क्षणी मॉनिटरची घंटा वाजली. त्याच्या नाडीचे ठोके एकशे दहावरून एकशे चाळीसवर गेले होते. आम्ही घंटा बंद केली. यंत्राशी झगडतो आहे असे ठरवून झोपेच्या औषधाचा वेग वाढवला. ठोके उतरले. तक्त्यावर नोंद झाली. त्याचा एक पाय पांघरुणाबाहेर आला होता. थंडी वाजत असेल, म्हणून आम्ही तो मायेने झाकला. आणि चहा प्यायला गेलो.

त्याने सकाळ काढली. पुढचीही काढली. पाचव्या दिवशी नळीतला लाल रंग फिका झाला, सातव्या दिवशी लघवी उतरू लागली. या आजाराचे एक वैशिष्ट्य असे, की माणूस त्या कड्यावरून मागे फिरला, तर बहुधा पुरता मागे फिरतो. मूत्रपिंडेसुद्धा पूर्ववत काम करू लागतात. बाराव्या दिवशी तो वॉर्डात गेला, आणि आमच्या विभागात आनंदाचे पेढे वाटले गेले. विशीतल्या त्या मुलाला दुसऱ्या इस्पितळात हलवले होते; त्याचे पुढे काय झाले, हे आम्हांला कधी कळले नाही.

दोन-अडीच महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास, तो बायकोला घेऊन विभागाच्या दाराशी उभा राहिला. अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात सुकेळ्यांची पुडी. घरच्या केळीची सुकेळी आहेत म्हणाला. आम्ही बाहेर आलो, चौकशी केली, थट्टामस्करी झाली. एकीने त्याला विचारले, ‘आम्ही आठवतो का तुम्हांला?’ तो म्हणाला, ‘चेहरे नाही आठवत, सिस्टर. आवाज आठवतात.’ आणि मग हसत हसत म्हणाला, ‘माझी खाट त्या मुलाला दिलीत की नाही शेवटी?’

आम्ही काही बोलू शकलो नाही. त्याची बायकोही त्याच्याकडे पाहत राहिली. तिला हे ठाऊक नव्हते.

तो रागावलेला नव्हता. तेच आम्हांला अधिक जड गेले. तो सांगू लागला, की त्या रात्री सगळे नाही, पण तेवढे स्पष्ट ऐकू आले. आधीचे नाही, नंतरचे नाही, तेवढेच. ‘मला वाटलं, आता वेळ थोडा आहे. पतपेढीचं कर्ज घेतलं होतं, ते हिला माहीत नव्हतं. कागद मोठ्या भावाकडे होते. एवढं तरी कसं कळवायचं? तोंडात नळी, हात बांधलेले. मग पायाचा अंगठा हलवायला लागलो. जेवढा जोर होता तेवढा सगळा अंगठ्यात घातला. कोणीतरी बघेल म्हणून.’ थोडे थांबून तो म्हणाला, ‘तुम्ही पांघरूण घातलंत.’

निघताना त्याने आम्हां सगळ्यांना हात जोडले. म्हणाला, ‘तुमच्यामुळेच जगलो, हे मी विसरणार नाही.’ आम्ही ती सुकेळी घेतली. खरे तर घेववत नव्हती.

त्या दिवसानंतर आम्ही त्या रात्रीचा तक्ता मनातल्या मनात कितीदा तरी वाचला आहे. नाडी एकशे चाळीस. त्या माणसापाशी बोलण्यासाठी दोनच गोष्टी उरल्या होत्या, हृदयाचे ठोके आणि पायाचा अंगठा. त्या दोन्हींनी तो आमच्याशी बोलला. पहिल्यावर आम्ही औषध दिले, दुसऱ्यावर पांघरूण घातले. दोन्ही उपचार आमच्या समजुतीप्रमाणे योग्यच होते. क्रूरपणा तर कोठेच नव्हता. म्हणूनच ही चूक आम्हांला अधिक भयावह वाटते. कारण दुष्ट माणसांवर नजर ठेवता येते, पण दमलेल्या सज्जन माणसांवर कोण नजर ठेवणार?

निपचित पडलेला प्रत्येक रुग्ण ऐकत असतो, असे म्हणणे खरे ठरणार नाही. मेंदूला झालेली इजा, औषधाचे प्रमाण, तापाची तीव्रता या सर्वांवर ते अवलंबून असते. कित्येकांना त्या दिवसांतले काहीच आठवत नाही. कित्येकांना आठवते ते विपरीत असते. छतावर मुंग्या चालताना दिसतात, आम्ही त्यांना विष घालतो आहोत असे वाटते, बांधलेले हात म्हणजे तुरुंग वाटतो. या भ्रमावस्थेकडे पूर्वी फारसे लक्ष दिले जात नसे. ‘आजारात बरळतो’ म्हणून सोडून देत. आता तिची रोज तपासणी करण्याची पद्धत आहे. झोपेचे औषधही शक्य तितके कमी ठेवतात. शक्य असेल त्या रुग्णाचे औषध रोज सकाळी थांबवून तो जागा होतो का, हे पाहतात. त्यामुळे श्वासयंत्रावरचे दिवस कमी होतात, असे २००० सालच्या सुमारास संशोधनातून पुढे आले. परंतु कोण ऐकतो आहे आणि कोण नाही, हे खाटेशी उभे राहून खात्रीने सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही, तोवर प्रत्येक जण ऐकतो आहे असे धरून चालणे, एवढेच आपल्या हाती राहते.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुरू केल्या. रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने नव्हे, तर नावाने हाक मारायची. वयाने मोठे असतील तर काका, मावशी, आजी. अंगाला हात लावण्यापूर्वी सांगायचे, ‘काका, आता नळीतला कफ काढते हं, थोडं गुदमरल्यासारखं होईल, लगेच संपेल.’ सकाळी खिडकीचा पडदा सरकवून सांगायचे, आज कोणता वार, किती वाजले, बाहेर पाऊस आहे की ऊन. डॉक्टरांचा राऊंड खाटेपासून चार पावले दूर. आणि नाडी एकाएकी वाढली, तर औषधाकडे हात जाण्याआधी तोंडाकडे, हातांकडे आणि पायांकडे पाहायचे. नव्या मुलींना हे प्रथम विचित्र वाटते. बेशुद्ध माणसाशी बोलताना त्या लाजतात. एक-दोन आठवड्यांत सवय होते.

जे वाचतात त्यांची गोष्ट ही झाली. जे वाचत नाहीत, त्यांचेही सांगितले पाहिजे. कारण आमचे निम्मे काम तेथेच असते. एखाद्या वृद्ध आजींची सगळी इंद्रिये एकामागून एक थकत जातात. मुले बाहेर बसलेली. परदेशातला मुलगा फोनवर म्हणतो, ‘काहीही करा, पण आईला ठेवा.’ इथला मुलगा काहीच बोलत नाही. बिले त्याच्या खिशात असतात. सूनबाई आम्हांला बाजूला घेऊन विचारते, ‘सिस्टर, खरं सांगा, त्यांना त्रास होतोय का?’ या प्रश्नाइतका प्रामाणिक प्रश्न आम्ही क्वचितच ऐकला आहे. पुष्कळदा पैसे संपतात आणि मग ‘आम्ही घरी नेतो’ अशी सही होते. रुग्णवाहिकेत एक जण पिशवी दाबत दाबत घरापर्यंत जातो, आणि अंगणात पोहोचल्यावर ती दाबायची थांबवतो. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचीच ती पिशवी, दुसऱ्या टोकाला आलेली.

यंत्र कधी थांबवावे, हा प्रश्न यंत्राबरोबरच जन्माला आला. इब्सेन यांच्या प्रयोगाला पुरती पाच-सव्वापाच वर्षे होतात तोच, २४ नोव्हेंबर १९५७ रोजी, पोप बारावे पायस यांना भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न विचारला होता. जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे, असाधारण उपाय प्रत्येक वेळी केलेच पाहिजेत असे बंधन नाही, असे त्यांच्या उत्तराचे सार होते. मरण ओढवून आणणे वेगळे आणि मरणाला वाट सोडून बाजूला उभे राहणे वेगळे. आपल्या देशात कायद्याला हा फरक सांगायला बराच काळ लागला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या आणि तेथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची सेवा केली. त्यांना मरण यावे म्हणून केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळला. त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवण्यास मात्र मान्यता दिली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य झाला आणि आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०२३ मध्ये तिची रीत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असा कागद करता येतो. उपचार थांबवण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांच्या दोन मंडळांनी पाहिल्याशिवाय होत नाही.

कायदा झाला, परंतु आमच्या अनुभवात असा कागद घेऊन आलेला रुग्ण विरळाच. आपल्या घरांतून शेतीच्या वाटण्या बोलल्या जातात, लग्नाची बोलणी होतात, कबरीची जागासुद्धा बोलली जाते. पण ‘मला नळ्या लावायच्या की नाही’ हे कोणी बोलत नाही. मग ते ओझे अशा मुलाच्या खांद्यावर येते, ज्याने तीन रात्री झोप घेतलेली नसते. त्याने काहीही ठरवले, तरी पुढे आयुष्यभर त्याचे मन त्याला खाते.

२०२० साली करोनाची साथ आली आणि दारापलीकडची माणसेही नाहीशी झाली. आमची तोंडे झाकलेली, डोळ्यांवर चष्मे, अंगभर कपडा. म्हणून छातीवर जाड पेनाने आम्ही आपापले नाव लिहीत असू. रुग्णांना सोळा-सोळा तास पालथे ठेवावे लागे. घरच्यांना आत येता येत नसे. आम्ही फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रुग्णाच्या कानाशी धरत असू. कोणी प्रार्थना म्हणे, कोणी नुसतीच हाक मारी. एका घरातल्या मंडळींनी गोठ्यातल्या गाईचे हंबरणे ऐकवले. त्या वेळी कोणी आम्हांला ‘बेशुद्ध माणसाला काय ऐकू येणार?’ असे विचारले असते, तर आमच्याकडे उत्तर होते. ते आम्हांला पंधरा वर्षांपूर्वी सुकेळ्यांच्या पुडीबरोबर मिळाले होते.

वाचकांना आमची विनंती एवढीच. आपले माणूस आत असेल आणि पाच मिनिटांसाठी सोडले, तर हात धुवून आत या आणि रडण्याआधी बोला. आपले नाव सांगा. वार सांगा. घरी काय चालले आहे ते सांगा. भातलावणी झाली, धाकट्याची परीक्षा संपली, शेजारच्या घरी बाळ आले. बिलांचे आणि वादाचे बोलणे दाराबाहेर ठेवा. हात बांधलेला असला, तरी तो हातात घेता येतो. आणि कोणीही आजारी नसताना, एखाद्या संध्याकाळी ओटीवर बसून, आपली अखेरची इच्छा घरच्यांना एकदा सांगून ठेवा. कर्जाच्या कागदांसह.

सकाळी सात-साडेसातला आम्ही ओव्हर देतो. औषधे, आकडे, नळ्या, सगळे सांगून होते. शेवटी नव्या पाळीच्या मुलीला खाटेशी नेऊन सांगतो, ‘आजी, मी आता घरी जाते. ही आली आहे तुमच्याजवळ.’ आजी हलत नाहीत. मुलगी क्षणभर आमच्याकडे पाहते, मग वाकून आपले नाव सांगते. निघण्यापूर्वी आम्ही एकदा पायांकडे पाहून घेतो. पांघरूण टाचेपर्यंतच घालतो. अंगठे उघडे ठेवतो.